आवाज येऊ दे

१८ नोव्हेंबर

सातला दादाचा फोन. नेहमीचं पहिलं वाक्य, "लाव तिला." मग मी फोन ओटीच्या खिडकीत ठेवते, कारण रेंज त्या एका फळीवरच येते, आणि दादाची मुलगी प्राची (लिहिताना नुसतं प्रा.) तिथे बसून मोठ्याने वाचते. दादा मुंबईत एका सोसायटीच्या गेटवर वॉचमन आहे. केबिनमध्ये कानात वायर घालून ऐकतो. मध्ये गाडी आली की उठतो, गेट उघडतो, परत बसतो. प्रा. सहावीत असताना माझ्याकडे राहायला आली तेव्हापासून हे चालू आहे. आता दहावी.

आमच्या वाडीत अभ्यास म्हणजे आवाज. पलीकडच्या घरातले तात्यासुद्धा सकाळी विचारतात की काल पोरीचा आवाज कसा नाही आला. आवाज असेल तोवर तिला कुणी कामाला हाक मारत नाही. थांबला की मारतात.

आज भिंगांचा धडा. कुठे अडखळली नाही. मी तोवर दोन ब्लाऊजना हुक लावले.

२२ नोव्हेंबर

सहामाहीचे पेपर मिळाले. विज्ञान नापास, गणित काठावर. ज्या धड्यावर तिची जीभ घसरत नाही, त्याच धड्याचं उत्तर अर्धं कोरं.

दादाला फोनवर मार्क सांगितले. मग म्हणाला, "रोज मी ऐकतोय ना. मग मार्क जातात कुठं?" प्रश्न बरोबर आहे.

पुढे म्हणाला, जानेवारीतल्या सराव परीक्षेत असंच झालं तर मार्चनंतर प्रा. मुंबईला. वहिनीच्या ओळखीच्या पार्लरात मुलगी हवी आहे, तिथं शिकेल. प्रा.ला अकरावी सायन्स करायचंय, महाडला, इथूनच एसटीने जाऊन-येऊन. शेळ्यांना पाला टाकायला म्हणून मागे गेली ती लवकर आलीच नाही.

माझं. सासर सुटलं (तो विषय इथे नाही), तेव्हापासून मी या घरात. त्यातली बरीच वर्षं या पोरीसोबत. ती गेली तर मला चालणार नाही. लिहून ठेवते, कारण सांगायला कुणी नाही.

३० नोव्हेंबर

तिच्या विज्ञानाच्या शेलार मॅडम कसल्या प्रशिक्षणाला गेल्या होत्या. येताना प्रश्नावली घेऊन आल्या. उत्तरांवरून कळतं म्हणे की मूल डोळ्याने शिकतं, कानाने की हाताने. प्रा. निघाली कान.

दादा खूश. "मी काय येडा होतो काय इतकी वर्सं?"

वरच्या वाडीतला एक मुलगा हात निघाला. त्याच्या आईने दुसऱ्याच दिवशी त्याला कुंपण घालायला लावलं. बाईंनीच लिहून दिलंय म्हणाली.

मीही प्रश्न सोडवले. दुपारी डोळा आले. संध्याकाळी परत सोडवले तर हात. मधे जेवण झालं होतं, एवढाच फरक.

६ डिसेंबर

कानाचा अभ्यास सुरू. माझ्या जुन्या फोनमध्ये (सिम नाही, काच फुटलेली) प्रा.ने विज्ञानाचे धडे स्वतःच्या आवाजात भरले. भांडी घासताना ऐकते, पाणी आणताना ऐकते. भिंगांच्या धड्यात मध्येच खोकली आहे, पण परत भरायचा कंटाळा. तशीच ठेवली.

सुखाचा अभ्यास. मला तर शंका यायला लागली की इतक्या सुखात काही शिकता येत असेल का.

१० डिसेंबर

आज भाकऱ्या करता करता तिला विचारलं, बहिर्वक्र भिंगासमोर वस्तू लांब ठेवली तर प्रतिमा कशी पडते. तिने धडा पहिल्या ओळीपासून सुरू केला. म्हटलं, सगळा नको, तेवढंच सांग. तेवढंच येईना. भजनात मधलं कडवं विसरलं की बुवा परत धृपदावर येतो, तसं. वरून सोडलं की बरोबर तिथे पोचते. मधूनच उचल म्हटलं की जमत नाही.

"मला येतं गो आत्या. तू विचारलंस की जातं."

पेपरात विचारणारच, म्हटलं. तिला राग आला. भाकरी एकच खाल्ली.

१३ डिसेंबर

महाड. अस्तर, दोरा, चेन. शेलार मॅडम तिथेच राहतात, भाजी घेताना भेटल्या. पिशवी खाली ठेवून सरळच विचारलं की माझी पोर कान आहे तर मग नापास का.

बाई हसल्या नाहीत, हे बरं. म्हणाल्या, त्या कागदावर फार जाऊ नका, प्रशिक्षणात वाटला म्हणून मी वर्गात वाटला. मूल काही नुसता कान नसतं. आकृती बघूनच कळते, प्रयोग करूनच कळतो, व्याख्या बोलून पक्की होते. धडा कसला आहे त्यावर पद्धत ठरते, पोरावर नाही. आणि खरी चूक दुसरीच. पुस्तक समोर उघडं असलं की सगळं येतंय असं वाटत राहतं. एकदा वाचायचं, पुस्तक मिटायचं, आठवेल ते लिहायचं. मग उघडून बघायचं काय राहिलं. दोन-तीन दिवसांनी परत तेच, पुस्तक न उघडता. त्रास होतो. होऊ द्यायचा.

मला हे पटलं कारण ब्लाऊज मी असाच शिकले. काकीने शिवून दाखवलेला बघत होते तोवर सोपा वाटायचा. तिने एक जुना उसवून तुकडे पुढ्यात टाकले आणि जोड म्हणाली तेव्हा कळलं की बाही कुठली कुठे जाते हेही मला माहीत नाही.

या नादात दोरा चुकीच्या रंगाचा आणला.

१५ डिसेंबर, रविवार

पहिला दिवस. प्रा.ने वाचलं, पुस्तक मिटलं, भिंतीकडे बघत बसली. घरात शांतता.

मी मशीनवर होते. थोड्या वेळाने माझ्याच तोंडून गेलं, "बसलीच आहेस तर शेळ्यांना पाणी दाखव." ती उठलीसुद्धा. दारापर्यंत गेल्यावर माझ्या लक्षात आलं आणि परत बोलावलं. पुस्तक मिटून बसलेली मुलगी रिकामी दिसते. मला दिसली. सगळ्यांना दिसणार.

सातला दादा. "आवाज येत नाय. झोपली काय?" आठवतेय, म्हटलं. "पुस्तक मिटून कसला अभ्यास? मी पण नववीत असाच बसायचो, म्हणून तर गेट उघडतोय." प्रा.ने पुस्तक उघडलं आणि वाचायला लागली.

१८ डिसेंबर

रोज तेच. बाबांसाठी मोठ्याने वाचायचं आणि मग स्वतःसाठी परत बसायचं. तोवर तिच्यात काही उरत नाही. डोळे मिटायला लागतात. सकाळी लवकर उठून बघितलं, तर तात्या अंगणातून ओरडले की काय आजारी बिजारी आहे का पोर, बोलत नाय ती.

दादाला मी दोनदा समजावलं. तो म्हणतो, बाईंनीच कान सांगितलंय.

२० डिसेंबर

कल्पना प्रा.ची. मी नाही म्हटलं नाही.

फळीवर माझा फोन, त्यात दादा. त्याच्या शेजारी फुटक्या काचेचा जुना फोन, त्यात प्रा. धडा वाचतेय. आणि खरी प्रा. चुलीच्या बाजूला, पाठ फिरवून, पुस्तक मिटलेलं, कोऱ्या कागदावर आकृती काढतेय. मी दोघींच्या मधे मशीनवर.

दादा शेवटी म्हणाला, "आता कसं. दम लागंस्तवर वाच." मी हो म्हटलं.

वाईट वाटलं का? थोडं. पण काम झालं.

२९ डिसेंबर

एक बदल. आधी विचारलं की म्हणायची, सगळं झालंय. आता म्हणते, "आत्या, मला काय येत नाय ते मला कळतं." रोज काहीतरी येत नसतं. तोंड उतरतं, चिडते, पेन आपटते. मॅडमनी त्रास होईल म्हटलं होतं, तो हाच असावा.

धडा बघून रीत ठरवतो. इतिहास ती मला गावगप्पा सांगावी तसा सांगते, कोण कुणाला काय बोललं, मग पुढे काय झालं, आणि मी मध्येमध्ये खोचक विचारते. भूमितीला पाठांतर बंद, रोज नवी आकृती, उत्तर मागे बघायचं नाही. भिंगासाठी तात्यांचा वाचायचा चष्मा मागून आणला आणि अंगणात वाळलेल्या पानावर उन्हाचा ठिपका धरला. पान जळलं. तात्यांना चष्म्याची काळजी.

वेळापत्रक मोडलं आहे. एका दिवशी एकच विषय, ते बंद. मिसळून करते. जास्त चुकतं, पण लक्षात राहतं म्हणते. बघू.

११ जानेवारी

दादा आज सहज म्हणाला, भिंगांचा धडा लय वेळा घेते पोर. अवघड आहे, म्हटलं. "हं," म्हणाला. गाडी आली असावी, गेट उघडायला गेला.

उद्यापासून दुसरे धडे लावायचे. प्रा.ला सांगितलं. आधीही एकदोनदा लावले होते, पण सवयीने हात भिंगावरच जातो, तो सगळ्यात लांब आहे आणि मधे थांबत नाही.

२८ जानेवारी

सराव परीक्षेचा निकाल. विज्ञान सुटलं आणि बऱ्यापैकी सुटलं. गणितही. वर्गात पहिली वगैरे नाही, पण मॅडमनी वहीवर "छान" लिहिलंय. प्रा. घरी आली ती चप्पल न काढताच आत.

दादा : "बघ. मोठ्यानं वाचल्याचा फायदा." मी जीभ आवरली. प्रा. फोनच्या मागे उभी राहून मला हाताने खूण करत होती, काही बोलू नकोस.

बोर्डाला असंच झालं तर महाडची अकरावी, असं तो स्वतःहून म्हणाला. वहिनीचंही हो आहे म्हणाला. कुळथाच्या पिठीत आज तूप सढळ हाताने घातलं.

२१ फेब्रुवारी

बोर्ड सुरू. केंद्र जवळच, पोलादपूरला. मराठी सोपा गेला. दादा शिमग्याला येणार आहे, यंदा आधीच रजा टाकली, विज्ञानाच्या पेपरांना इथे असेन म्हणतो. प्रा. म्हणाली, आता? मी म्हटलं, आता काय, समोर बसून वाचायचं.

९ मार्च, रविवार

हे नीट लिहिते.

दादा काल आला. उद्या विज्ञानाचा पहिला पेपर. संध्याकाळी प्रा. ओटीवर मांडीवर पुस्तक मिटून बसलेली. दादा तिच्यासमोर येऊन बसला. मला वाटलं आता वाच म्हणणार.

त्याने स्वतःच सुरुवात केली. भिंगांचा धडा. डोळे मिटून, प्रा.च्याच चालीत, ती श्वास घेते तिथे श्वास घेऊन. बराच पुढे जाऊन थांबला.

"हिकडं तू खोकतेस. रोज."

प्रा.चा चेहरा उतरला. माझी सुई हातात तशीच. मी विचारलं, कधीपासून कळलं. संक्रांतीच्या आधीपासून म्हणाला. मग बोलला का नाहीस, म्हटलं.

तो खाली बघत म्हणाला, "बोललो असतो तर बंद केलं असतंत. तिचा आवाज तरी येत होता." आणि मग, "अभ्यास तपासाय मला काय कळतंय गो, नंदे?"

मला रडू आलं, आणि ते लपवायला मी आत गेले नाही. इतकी वर्षं मी समजत होते की तो तिच्यावर पहारा ठेवतो. दिवसभर तेच काम, म्हणून घरीही तेच.

प्रा. चुकलं म्हणाली. त्याने हात हलवला. म्हणाला, पाठ झालं सगळं, पण अपवर्तन का काय ते म्हणजे काय, ते अजून नाय कळलं. नुसतं म्हणता येतं.

तिने काचेचा ग्लास भरून आणला, त्यात पेन्सिल तिरकी सोडली. वाकडी दिसते ना? हो. मग सांगायला लागली. दादाने अगदी कुठूनही प्रश्न विचारले. पेन्सिल बाहेर काढली की सरळ कशी होते? पाण्याऐवजी तेल घातलं तर? माझ्या चष्म्यात पाणी नाय मग तो कसा चालतो? दोनदा ती अडली. पुस्तक उघडलं, बघितलं, मिटलं, परत सांगितलं. धृपदावर एकदाही गेली नाही.

दादाला कळलं की नाही माहीत नाही. तो ग्लासाकडे कमी आणि तिच्याकडे जास्त बघत होता.

१० मार्च

पेपर चांगला. भिंगाची आकृती आली होती. प्रा. आंघोळ करून झोपली.

१२ मार्च

विज्ञानाचा दुसराही झाला. प्रा. मैत्रिणीकडे. दादा आणि मी होळीची लाकडं बघायला वर गेलो होतो. तिथे तो म्हणाला की मार्कांचं तो नुसतंच म्हणत होता. पार्लरचंही. पास झाली तरी त्याला ती तिकडे हवी आहे. पोर सहावीत सोडली, आता अकरावी-बारावी हिकडं, मग पुढचं शिक्षण कुठेतरी, मग लग्न. "माझ्याकडं कवा?"

मार्कांचं भांडण असतं तर मी भांडले असते, माझी तयारी होती. हे मार्कांचं नव्हतं. मीही सांगून टाकलं की मलाही ती हवी आहे. तो म्हणाला, माहीत हाय. मग आम्ही लाकडं बघितली.

दोघांनीही तिला विचारलेलं नाही.

१५ मार्च

पालखी आमच्या अंगणात. दादा नाचला, घामाघूम. प्रा.ने ओटी भरली. परवा भूगोल म्हणून ती लगेच मागच्या दारी जाऊन बसली, ढोल चालू असताना. कशी बसते देव जाणे. कुणी हाक मारली नाही तिला. तात्यांनी विचारलं पोर कुठं, दादाच म्हणाला, अभ्यास करतेय.

१७ मार्च

शेवटचा पेपर. संपलं.

जेवताना दादाने विचारलं. पहिल्यांदाच विचारलं, सांगितलं नाही. "मुंबईला येतेस काय? अकरावी तिकडं. सायन्सच घे." पार्लरचं नाव काढलं नाही.

प्रा.ने माझ्याकडे बघितलं. मी ताटात बघितलं. मला तिला काही दिसू द्यायचं नव्हतं, ना राहा, ना जा. ते जमलं की नाही कोण जाणे.

"विचार करून सांगते," म्हणाली.

"घाई नाय," दादा म्हणाला. आणि पाणी मागितलं.

१८ मार्च

दादा सकाळच्या गाडीने गेला. जाताना तिच्या डोक्यावर हात ठेवला. घर फार मोठं वाटतंय. ब्लाऊज तीन बाकी, मन नाही.

२० मार्च

सातला फोन. "लाव तिला." सवयीने बोलला आणि गप्प झाला, कारण वाचायला काही नव्हतं. मीही सवयीने फोन फळीवर ठेवला. प्रा. समोर येऊन बसली. पलीकडे एक गाडी हॉर्न देत होती.

या दोघांनी फोनवर कधी गप्पा मारलेल्याच नाहीत, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. तिने वाचायचं, त्याने ऐकायचं, मग जेवा आणि ठेवतो.

"बोल काय तरी," तो म्हणाला.

"काय बोलू?"

"मला काय म्हाईत."

हॉर्न परत वाजला. मग तिने विचारलं, "बाबा, गाडीवाल्याला गेट उघडलंत का?" त्याने उघडलं असावं. परत आल्यावर सांगायला लागला की ही गाडी कुणाची, तो माणूस रोज किती वाजता येतो, कुत्र्याशी काय बोलतो. मला यातलं काही माहीत नव्हतं. वहिनीलाही असेल का, शंका आहे. तो सांगत राहिला आणि प्रा. गुडघ्यांवर हनुवटी ठेवून ऐकत राहिली, मधे एकदा हसली.

मुंबईचं त्याने विचारलं नाही. तिने काही सांगितलं नाही. मी मशीन बंद ठेवलं, त्यांना नीट ऐकू यावं म्हणून.